सेल्टिक्सचा सगळ्यात मोठा कोच ऑरबॅक नाही, बिल रसेल

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, आणि तिथल्या बॉस्टन सेल्टिक्स टीमच्या कोचचा विषय निघाला की पहिलं नाव रेड ऑरबॅकचं येणार हे ठरलेलंच असतं. मॅच खिशात आली की बेंचवर बसल्या बसल्या सिगार पेटवणारा माणूस, ९ टायटल, त्यातली ८ लागोपाठ. तिथून सगळे थेट २००८ च्या डॉक रिव्हर्सवर उडी मारतात आणि मग २०२४ च्या जो मझूलावर. मधे १९६६ ते १९६९ अशी तीन सीझन टीमचाच स्टार खेळाडू बिल रसेल कोच होता हे "हां, तोपण होता की, प्लेयर-कोच" एवढ्यावर संपतं. मला हे मनापासून खटकतं. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच. पोस्ट लांब झालीये, सवडीने वाचा.

सेल्टिक्सच्या आजवरच्या १९ कोचमध्ये मी पहिला नंबर रसेलला देते. ऑरबॅकच्याही वर.

आधी ऑरबॅकबद्दल, म्हणजे मी त्याला कमी लेखतेय असं कुणाला वाटायला नको. १९५० मध्ये तो बॉस्टनला आला, त्याच वर्षी सेल्टिक्सने चक कूपरला घेतलं, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. डिसेंबर १९६४ मध्ये टीमचा खेळाडू टॉमी हाइनसन दुखापतीमुळे बाहेर होता तर ऑरबॅकने पाचही कृष्णवर्णीय खेळाडू मॅच सुरू करायला उतरवले, लीगमध्ये हे आधी कधीच झालं नव्हतं, आणि त्याने त्याचा काही गाजावाजा पण केला नाही. माणूस मोठाच होता. पण हे पण बघा ना, तो १९५० ला आला, बॉब कूझीसारखा गार्ड हाताशी होता, तरी पहिल्या सहा सीझनमध्ये एकही टायटल नाही. १९५६ च्या डिसेंबरमध्ये रसेल ऑलिम्पिक गोल्ड घेऊन टीममध्ये आला आणि १९५७ ला पहिलं टायटल. पुढे १३ सीझनमध्ये ११. १९६९ ला रसेल गेला आणि पुढच्याच वर्षी टीम ३४-४८ (३४ विजय, ४८ हार), प्लेऑफ म्हणजे टायटलसाठीच्या शेवटच्या फेऱ्यासुद्धा नाहीत.

आता १९६६. ऑरबॅकने सीझनच्या आधीच सांगून टाकलं होतं की हे माझं शेवटचं वर्ष, आता सगळ्यांनी मला हरवून दाखवा. पुढचा कोच कोण यासाठी त्याने आधी आपल्या जुन्या प्लेयर्सकडे विचारणा केली, पण कुणी तयार होईना. हाइनसनचं म्हणणं असं की रसेलला सांभाळणं आपल्याच्याने होणार नाही, मग त्यालाच का नाही करत? आणि फायनलची (सातातल्या चार मॅच जिंकायच्या) पहिली मॅच लॉस एंजेलिस लेकर्सनी बॉस्टनमध्ये येऊन ओव्हरटाइममध्ये जिंकली, त्यानंतर लगेच ऑरबॅकने जाहीर केलं की पुढचा कोच बिल रसेल. पेपरमध्ये लेकर्सचा विजय राहिला बाजूला, हेडलाइन रसेलची. (ही असली डोकेबाजी फक्त ऑरबॅकलाच सुचायची.) ती फायनल सेल्टिक्स सात मॅचमध्ये जिंकले.

एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच. पत्रकार परिषदेत त्याला विचारलं काय, तर तू गोऱ्या खेळाडूंशी भेदभाव न करता वागू शकशील का! तोवर एकाही गोऱ्या कोचला उलटा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ज्या शहरासाठी त्याने इतकी टायटल जिंकली त्याच शहराच्या बाजूला रेडिंग गावात त्याच्या घरात लोकांनी घुसून नासधूस केली होती, आणि हा माणूस रोज तिथूनच बॉस्टन गार्डनला येऊन खेळत होता. हे सगळं डोक्यात ठेवून त्याने खुर्ची स्वीकारली, तीसुद्धा अंगात जर्सी असताना.

प्लेयर-कोच म्हणजे काय हे आपल्या लवकर लक्षात येत नाही कारण क्रिकेटमुळे मैदानात कॅप्टन निर्णय घेतो याची आपल्याला सवय आहे. पण क्रिकेटमध्ये दोन बॉलच्या मधे विचार करायला वेळ मिळतो. बास्केटबॉलमध्ये तुम्ही समोरच्या सात फुटी माणसाला अंगावर घेऊन रिबाउंडसाठी (हुकलेला बॉल पकडायला) उडी मारताय, खाली येताच पळताय, आणि त्याच वेळी कोण दमलाय, कुणाचे फाउल किती झालेत, टाइमआउट कधी घ्यायचा, बेंचवरून कुणाला आत आणायचं, हे सगळं तुमच्याच डोक्यात. रसेल शेवटच्या सीझनला पस्तिशीचा होता, गुडघे बोलायला लागलेले, तरी ४८ मिनिटांच्या मॅचमध्ये सरासरी ४२ मिनिटांच्या वर खेळत होता. आजच्या कोचच्या मागे असिस्टंट आणि लॅपटॉपवाल्यांची रांग असते ती आठवा.

पहिल्याच वर्षी, १९६७ ला, विल्ट चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने ४-१ ने धुतलं, आठ वर्षांची मालिका तुटली आणि लोक म्हणायला मोकळे झाले की याला कोचिंग जमत नाही. पुढच्या वर्षी परत तीच फिलाडेल्फिया, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सिरीजची पहिली मॅच. दोन्ही टीमच्या खेळाडूंची मनःस्थिती काय असेल सांगायलाच नको. सेल्टिक्स १-३ ने मागे पडले आणि तिथून तीन मॅच ओळीने काढल्या, सातवी फिलाडेल्फियाच्या घरात १००-९६. १-३ वरून सिरीज फिरवणारी एनबीएमधली ती पहिली टीम. मग लेकर्सना हरवून टायटल.

पण मला खरी आवडते ती १९६९. टीम म्हातारी झालेली, ईस्टमध्ये (लीगच्या पूर्व विभागात) चौथ्या नंबरवर कशीबशी प्लेऑफला आलेली, आणि समोर लेकर्समध्ये जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि आता चेंबरलेनसुद्धा. चौथी मॅच बघा. सेल्टिक्स सिरीजमध्ये १-२ ने मागे, मॅचमध्ये ८७-८८ ने मागे, सात सेकंद बाकी, टाइमआउट. आता कोच म्हणून विचार करा, तुमच्याकडे लीगमधला सगळ्यात जास्त टायटल जिंकलेला खेळाडू आहे, त्याला कोर्टवर ठेवाल की नाही? रसेलने त्याला बाहेर बसवलं. म्हणजे स्वतःलाच! कारण फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा थ्रो) हा त्याचा कच्चा विषय, आणि त्या एका प्लेसाठी त्याला नेमबाज हवे होते. टीममधल्या जॉन हॅवलिचेकच्या ओहायो स्टेट कॉलेजमधून आणलेला प्ले, सॅम जोन्ससाठी तीन जणांनी भिंत उभी केली, जोन्सचा पाय घसरला, चुकीच्या पायावरून तोल जाता जाता त्याने बॉल टाकला, रिमवर नाचला आणि आत. ८९-८८. ती मॅच गेली असती तर १-३ होऊन लेकर्सनी मॅटर तिथेच संपवला असता. किती कोचना स्वतःच्या स्टारला त्या क्षणाला बसवायची हिंमत होईल, आणि तो स्टार आपण स्वतः असताना?

सातवी मॅच लॉस एंजेलिसला. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनी छताला फुगे बांधून ठेवले होते, जिंकलो की सोडायचे, आणि सेलिब्रेशनचा कार्यक्रम कागदावर छापूनसुद्धा ठेवलेला. तो कागद रसेलच्या हातात पडला आणि त्याने तो आपल्या पोरांना दाखवला, वेगळं भाषण करायची गरजच उरली नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये चेंबरलेनचा गुडघा दुखावला, तो बाहेर गेला, थोड्या वेळाने म्हणाला मी खेळतो, तर लेकर्सचे कोच बुच व्हॅन ब्रेडा कॉल्फ यांनी त्याला परत घेतलंच नाही, आणि लेकर्स १०६-१०८ ने हरले. कोच आणि सगळ्यात मोठा खेळाडू यांच्यातला इगो एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ती दोन्ही माणसं एकाच जर्सीत. वेस्टने त्या मॅचमध्ये ४२ पॉइंट केले, हरूनही फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) त्यालाच मिळाला, बिचाऱ्याबद्दल वाईट वाटतंच.

आता लोक म्हणतात की नंतर सिएटल आणि सॅक्रामेंटोमध्ये रसेलला कोच म्हणून काही जमलं नाही. सॅक्रामेंटोमध्ये नाहीच जमलं, १७-४१ वर त्याला बाजूला केलं. पण सिएटलला पहिल्यांदा प्लेऑफमध्ये कुणी नेलं, १९७५ ला? त्यानेच. आणि मी बोलतेय ते सेल्टिक्सच्या कोचबद्दल, तिथे त्याचे आकडे तीन सीझन दोन टायटल.

बाकीच्या कोचकडे मी याच नजरेने बघते, की खुर्ची आणि अहंकार यांचं काय केलं. टॉमी हाइनसनने रसेलनंतरची पडकी टीम घेतली, डेव्ह कावन्सला सोबत घेऊन १९७३ ला ६८-१४ पर्यंत नेली आणि १९७४, १९७६ ला टायटल आणलं. १९७८-७९ ला कावन्स स्वतः प्लेयर-कोच झाला, २७-४१, एका सीझनमध्ये वैतागून सोडलं. उत्तम खेळाडू होता, प्रामाणिक माणूस होता, तरी नाही झेपलं, म्हणजे रसेलने केलं ते किती अवघड होतं बघा. लीगमधला तो शेवटचा प्लेयर-कोच, पुढे सॅलरी कॅपच्या (टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) नियमात तो प्रकारच बंद झाला.

बिल फिच कडक मास्तर, व्हिडिओ टेप लावून चुका दाखवणारा, लॅरी बर्डच्या पहिल्याच वर्षी २९ विजयांवरून ६१ वर नेलं, १९८१ चं टायटल. पण पोरं त्या कडकपणाला कंटाळली आणि १९८३ ला के. सी. जोन्स आला. के. सी. म्हणजे रसेलचा कॉलेजचा रूममेट, शांत, कमी बोलणारा. चार सीझन लागोपाठ फायनल, दोन टायटल, १९८६ ला घरच्या मैदानावर ४०-१. तरी लोक म्हणतात टीमच एवढी भारी होती, कुणीही जिंकलं असतं. भारी टीम न बिघडवणं हेही काम आहे राव, ते कुणाला दिसतच नाही.

आणि मग रिक पिटिनो. १९९७ ला १० वर्षांचा कोट्यवधी डॉलरचा करार, कोचपद हवं, सगळे अधिकार हवेत, वर प्रेसिडेंट हे पदसुद्धा हवं, जे तेव्हा ऑरबॅककडे होतं. आणि सेल्टिक्सनी ते दिलं! म्हाताऱ्या ऑरबॅकला व्हाइस चेअरमन करून बाजूला सरकवलं. याचा मला आजही राग येतो. ड्राफ्टच्या लॉटरीत पहिला नंबर लागला नाही म्हणून टिम डंकन हुकला, चॉन्सी बिलप्सला घेतलं तर ५१ मॅचनंतर ट्रेड करून टाकलं, जो पुढे डेट्रॉइटला २००४ च्या फायनलचा एमव्हीपी झाला. २००१ ला पिटिनो गेला तेव्हा रेकॉर्ड १०२-१४६.

याच्या बरोबर उलटा माणूस ब्रॅड स्टीव्हन्स. बटलरसारख्या छोट्या कॉलेजातून ३६ व्या वर्षी आला, तीन वेळा ईस्ट फायनल, आणि २०२१ ला टीम चालवायचं वरचं पद मिळाल्यावर कोचची खुर्ची सोडून दिली, दोन्ही धरून बसला नाही. कोच म्हणून इमे उडोकाला आणलं, टीम २०२२ च्या फायनलला गेली, मग सीझनच्या तोंडावर टीमचे नियम मोडल्याबद्दल उडोका सस्पेंड, आणि स्टीव्हन्सने स्वतः परत न बसता ३४ वर्षांच्या मझूलाला बसवलं. २०२३ ला मझूला टाइमआउट घेत नाही म्हणून केवढी बोंबाबोंब झाली होती, मीपण वैतागून बघायचे. २०२४ ला ६४-१८ आणि १८ वं टायटल. वय ३५. इतक्या कमी वयात टायटल जिंकलेला त्याच्या आधीचा कोच म्हणजे १९६९ चा रसेल.

डॉक रिव्हर्सवर लिहिलंच नाही फार, त्याचे चाहते चिडतील. २०१० ला त्याने लॉस एंजेलिसच्या लॉकर रूममध्ये प्रत्येकाकडून १०० डॉलर घेऊन छतात लपवले, परत फायनलला इथे येऊ तेव्हाच घेऊ म्हणून, आणि खरंच आले. तो मला आवडतोच. पण माझ्या यादीत रसेल, ऑरबॅक, के. सी., हाइनसन आणि मग डॉक.

एक शेवटचं. रसेल बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) खेळाडू म्हणून गेला १९७५ ला. कोच म्हणून त्याला घेतलं २०२१ ला, ४६ वर्षांनी, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. पुढच्या जुलैमध्ये तो गेला. हाइनसनला कोच म्हणून २०१५ लाच घेतलं होतं. हे इतकं उशिरा का झालं याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, तुमच्याकडे असेल तर खाली लिहा. आणि तुमचे पाच कोण तेही.