आमच्या जीएसटी बिल प्लगइनच्या (ऑनलाइन दुकानाच्या साइटला जोडायच्या प्रोग्रामच्या) 3.0 व्हर्जनला मिळालेल्या एक स्टारवर उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. 3.0 आल्यापासून पार्सलच्या लेबलवर आणि गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये बिल नंबरच येत नाही, फुकट देता म्हणून टेस्ट न करता काहीही सोडता का, वैतागले, आज रात्री परत जुनं 2.8 व्हर्जन टाकणार, असं तुम्ही लिहिलंय. बाकीचं नंतर बोलू, आधी एकच विनंती, 2.8 टाकू नका. प्लीज. तुमचा एकही बिल नंबर गेलेला नाहीये, कुठलीही ऑर्डर उघडा, तिथे आमच्या प्लगइनच्या बॉक्समध्ये नंबर दिसेल. फक्त लेबलवर आणि ईमेलमध्ये तो पोचत नाहीये.

आता मागे का जायचं नाही ते सांगतो. 2.8 पुढचा नंबर काढताना वर्डप्रेसच्या (ज्यावर तुमची साइट चालते त्याच्या) जुन्या पोस्ट टेबलमध्ये बघतं की शेवटचा नंबर कुठला होता. तुमची नवी बिलं त्या टेबलमध्ये नाहीतच, ती वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनच्या) नव्या ऑर्डर टेबलमध्ये आहेत. म्हणजे 2.8 ला वाटणार की ही बिलं झालीच नाहीत आणि ते तेच नंबर परत दुसऱ्या गिऱ्हाइकांना देणार. जीएसटीच्या नियम 46 मध्ये स्पष्ट आहे, बिल नंबर ओळीने पाहिजे आणि एका आर्थिक वर्षात परत यायला नको. एकाच नंबरची दोन बिलं जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) भरताना तुमच्या सीएंना सापडली की मग त्यांना काय सांगणार? हे निस्तरण्यापेक्षा दोन दिवस लेबलवर हाताने नंबर लिहिलेला परवडला.

झालंय काय, तर तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ऑर्डर स्टोरेजला हाय परफॉर्मन्स (ऑर्डरी वेगळ्या नव्या टेबलमध्ये ठेवायची पद्धत) चालू दिसतंय आणि त्याच्या खालचा कंपॅटिबिलिटी मोड (दोन्ही टेबलं सारखी ठेवणारा) बंद आहे. वूकॉमर्सने 8.2 पासून, म्हणजे ऑक्टोबर 2023 पासून, नव्या दुकानांना ही पद्धत डिफॉल्ट केली, आधी ऑर्डरी ब्लॉगच्या पोस्टांबरोबर एकाच टेबलात पडायच्या आणि ऑर्डरी वाढल्या की साइट रडायला लागायची. तुमचं दुकान जुनं, आणि आमचं 2.8 या पद्धतीला चालत नव्हतं म्हणून वूकॉमर्स तुम्हाला वॉर्निंग देऊन अडवत होतं. 3.0 चालतं, त्यामुळे वॉर्निंग गेली, आणि कुणीतरी (बहुतेक तुमच्या वेबसाइटवाल्यांनी) ते बटण चालू केलं. चालू केलं त्यात काही चुकीचं नाही, पण तुमच्या थीममध्ये (साइटच्या डिझाइनच्या फाइलींमध्ये) लेबल आणि ईमेलसाठी एक छोटा कोड घातलेला आहे तो अजून गेट पोस्ट मेटा (जुन्या पोस्ट टेबलमधून वाचणारी कमांड) वापरून नंबर वाचतोय. नोंद नव्या वहीत आणि शोधताय जुन्या वहीत, मग रिकामंच येणार.

उपाय सोपा आहे. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात फीचर्स, तिथे कंपॅटिबिलिटी मोडवर टिक करा. मग नव्या टेबलमधल्या ऑर्डरी जुन्यातही उतरायला लागतात, हे मागच्या मागे चालतं, ऑर्डरी जास्त असतील तर वेळ लागेल, तेवढ्यात सेटिंगशी खेळू नका. ते झालं की लेबलवर आणि ईमेलमध्ये नंबर येईल. पण हे तात्पुरतं समजा. वेबसाइटवाल्यांना सांगा की त्या कोडमध्ये आधी डब्ल्यूसी गेट ऑर्डरने ऑर्डर घ्यायची आणि मग त्या ऑर्डरवर गेट मेटा लावायचं, दोन ओळींचं काम आहे, त्यांनी पैसे मागितले तर मला सांगा 😄

आता टेस्टचं. 3.0 चं बीटा (आधीचं चाचणीचं व्हर्जन) सगळ्यांसाठी खुलं होतं, चेंजलॉगची (बदलांच्या यादीची) पहिलीच ओळ आहे की पोस्ट मेटामधून नंबर वाचणारा स्वतःचा कोड असेल तर बदला. अपडेटच्या पानावर नोटीसही होती, पण तुमचं ऑटो अपडेट चालू आहे, मग ती नोटीस दिसणार कुणाला. वर्डप्रेस 6.6 पासून ऑटो अपडेटनंतर साइट फेटल एररने (साइट बंद पाडणाऱ्या चुकीने) पडली तर प्लगइन आपोआप मागे जातं, पण इथे काही पडलंच नाही, नुसती जागा रिकामी राहिली, ते कुठल्याच मशीनला कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जिथे रोज पैसे येतात त्या साइटवर मोठ्या व्हर्जनचं ऑटो अपडेट ठेवू नये, आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या कॉपीवर) टाकून एक खोटी ऑर्डर करून बघावी. आणि फुकट आहे म्हणून काहीही सोडतो हे मान्य नाही. कोड जीपीएल या मुक्त लायसन्सखाली उघडा आहे, प्रत्येक बदल कुणालाही बघता येतो, आमचं पोट सपोर्टवर आणि कस्टम कामावर चालतं, तेव्हा बिल चुकवून आम्हाला काय मिळणार? नंबर जुन्या टेबलमध्ये ठेवायची पद्धत परत आणा असं तुम्ही म्हणताय, ती आणणार नाही.

दुसऱ्या दुकानाला अपडेट येतच नाही म्हणालात, तिथे पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) 7.3 आहे. 3.0 ला किमान 7.4 लागतं म्हणून वर्डप्रेसच अडवतंय. 7.3 ला डिसेंबर 2021 पासून सिक्युरिटी फिक्स मिळत नाहीत, त्यामुळे आमचं प्लगइन राहू दे बाजूला, होस्टिंगवाल्यांकडून ते तसंही वर न्या, आधी बॅकअप घेऊन.

प्लगइन बिल नंबरच्या सुरुवातीचा प्रीफिक्स लहान करायला सांगतं ही तक्रार राहिली. नियमात नंबर 16 अक्षरांच्या आत हवा, डॅश आणि स्लॅश धरून. दुकानाचं अख्खं नाव घातलं की वर्ष आणि नंबरला जागाच उरत नाही, तर नावाची दोन-तीन अक्षरं घ्या. पण आत्ता वर्षाच्या मधे बदलू नका, 1 एप्रिलला नवी सीरिज सुरू कराल तेव्हा करा, तोपर्यंत ती सूचना बंद करायचं बटण तिथेच आहे. मात्र सध्याचा नंबर 16 च्या वर जात असेल तर एप्रिलची वाट न बघता सीएंना विचारा.

कंपॅटिबिलिटी मोड लावून पण नंबर आला नाही तर वूकॉमर्सचा स्टेटस रिपोर्ट आणि थीममधला तो कोड सपोर्टला पाठवा. लेबलचा फोटो पाठवणार असाल तर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर झाकून पाठवा, या वेळच्या स्क्रीनशॉटमध्ये दोन गिऱ्हाइकांचे दिसतायत, तेवढा तो स्क्रीनशॉट रिव्ह्यूतून काढून टाका.