पाडव्याआधी फिरणारा ‘शुद्धी’चा मेसेज: वापरण्याआधी हे वाचा

पाडवा जवळ आला की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो: ‘नव्या वर्षाआधी 7 दिवसांत घर, शरीर आणि गाडी शुद्ध करा.’ मजकूर थोडक्यात असा. ब्लीच, व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून बाथरूम घासा. 7 दिवस फक्त फळांचा रस आणि मध-लिंबाचं पाणी प्या, यकृत साफ होईल. रात्रीचा भात सोडा. जेवणावर थंड पाणी प्यायलं तर पोटात तेल गोठून कॅन्सर होतो. उन्हातल्या गाडीत बेंझिन नावाचं विषारी रसायन साठतं, म्हणून एसी लावायची घाई करू नका. डॅशबोर्डला खोबरेल तेल लावा, सीटखाली डांबरगोळ्या ठेवा.

घर झाडावं, खाणं सुधारावं, यात वादच नाही. पण यातल्या काही सूचना लोकांना थेट दवाखान्यात पोचवतील, आणि त्या मेसेज पाठवणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाला तरी भोवतील.

‘चारही वस्तू एकत्र करा, डाग चुटकीसरशी जातात.’ हे कृपा करून कुणीही करू नका. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने सोडला होता, तोच हा वायू. व्हिनेगर सौम्य असलं तरी तेही आम्लच आहे, ब्लीचमध्ये पडलं की तोच प्रकार.

आता मुंबईतलं बाथरूम डोळ्यांपुढे आणा. हातपाय पसरता येणार नाहीत एवढी जागा, वर डक्टकडे उघडणारी एक जाळी, आणि पाणी बाहेर जाऊ नये म्हणून लोटलेलं दार. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो. आणि फरशी घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, म्हणजे तिचं नाक नेमकं तिथेच. बहुतेक घरांत ती एकतर घरकामाला येणाऱ्या ताई असतात, नाहीतर घरातली आई. मेसेज वाचणारा बाहेर सोफ्यावर असतो. म्हणून मला या एका ओळीचा सगळ्यात जास्त राग येतो. डोळे चुरचुरले, ठसका लागला, छाती आवळल्यासारखी वाटली तर सगळं तिथेच टाकून आधी मोकळ्या हवेत या. श्वास लागत असेल तर 108 ला फोन करा.

बरं, या मिश्रणाने साफसफाई तरी जास्त होते का? नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. डाग कशाचा आहे ते आधी बघावं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने नळावर, टाइल्सवर बसलेले पांढरे क्षार आम्लाने निघतात, तिथे नुसतं व्हिनेगर पुरतं. एक्झॉस्ट फॅनवरचा फोडणीचा चिकट थर धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने सुटतो, हातमोजे मात्र घाला. भिंतीवरच्या बुरशीला पातळ केलेलं ब्लीच, एकटंच, खिडकी उघडी ठेवून. एका वेळी एकच वस्तू, आणि ती भरपूर पाण्याने धुऊन झाल्याशिवाय दुसरी नाही. जुन्या घरातला ओटा कडप्प्याचा असेल तर त्याला व्हिनेगर लावूच नका. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आम्लाने त्याची चकाकी कायमची जाते. संगमरवराचंही तेच.

‘7 दिवस फक्त रस आणि मधपाणी, यकृत साफ.’ यकृत म्हणजे काही तुंबलेली मोरी नाही. शरीरातला नको तो माल बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड रोज, न सांगता करत असतात. रस काढताना फळातला बराचसा चोथा आपण फेकतो आणि साखर ठेवतो. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रस यांतली साखरही वरून घातलेल्या साखरेतच धरते. दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा ती कमी असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण 25 ग्रॅमपर्यंत, राहिली तर उत्तम, असं ती सांगते. एका मोठ्या चमच्याभर मधातच 17 ग्रॅमच्या आसपास साखर जाते.

हा मेसेज सगळ्यात श्रद्धेने पाळतात ती घरातली ज्येष्ठ मंडळी. त्यांतले कितीतरी जण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात. रसाने साखर भसकन वर जाते, आणि जेवण नाही पण गोळी चालू, म्हणून मग धाडकन खाली येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रसातलं पोटॅशियमही घातक ठरू शकतं. आजी-आजोबांना ‘करून बघा’ म्हणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. यकृतावर चरबी असेल आणि वजन जास्त असेल, तर हळूहळू 7 ते 10 टक्के वजन उतरवल्याने खरोखर फरक पडतो. ते काम महिन्यांचं आहे, आठवड्याचं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली. 2000 कॅलरीच्या दिवसाच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या, 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी किंवा त्याऐवजी अंडी-मासे, असा तो हिशोब आहे. आपल्या ताटात भाजी म्हणजे डावीकडे लोणच्याशेजारी एक पळी! अडचण वेळेची आहे, हे मान्य. पण लोकलच्या बायकांच्या डब्यात घरी जाता जाता मेथी निवडणाऱ्या, वाटाणे सोलणाऱ्या बायका याच शहरात आहेत. हे काम घरातल्या पुरुषांनीही वाटून घेतलं तर 400 ग्रॅम अशक्य नाही.

रात्रीच्या भाताने कुणाचं वाटोळं होत नाही, कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या तो खाल्लाय. प्रश्न मुदी किती आणि बरोबर आमटी-भाजी किती, एवढाच. थंड पाण्याचं तर सोडाच. पोटात 37 अंशांच्या आसपास तापमान असतं, तिथे गेलेलं पाणी काही मिनिटांत कोमट होतं. शेंगदाण्याचं तेल तिथे गोठणार कसं?

गाडीकडे येऊ. बेंझिनने कॅन्सर होतो हे खरं आहे. पण ‘बंद गाडीत 2000 ते 4000 मिलिग्रॅम, सुरक्षित मर्यादा दर चौरस फुटाला 50’ हे आकडे बघा. हवेतला वायू चौरस फुटात कधी मोजतात का? मूळ इंग्रजी मेसेजमध्ये हे सगळं 60 फॅरनहाइटच्या वर होतं असं लिहिलंय, म्हणजे आपले साडेपंधरा अंश. मुंबईत तेवढी थंडी जानेवारीतल्या एखाद्या पहाटेच पडते. मग इथली प्रत्येक गाडी वर्षभर विषारीच म्हणायची! तापलेल्या गाडीच्या काचा मिनिटभर उघडाव्यात, पण त्या उष्णतेसाठी. बेंझिनची काळजी असेल तर गाडीत सिगारेट ओढू नका आणि ट्रॅफिकमध्ये आतली हवा फिरवणारं बटण चालू ठेवा. आणि ज्या मेसेजला बेंझिनची एवढी भीती, तोच सीटखाली डांबरगोळ्या ठेवायला सांगतो. त्या असतात नॅफ्थलीनच्या. उन्हात तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ भरते, आणि काही बाळांना जन्मतः असलेल्या एन्झाइमच्या कमतरतेत त्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

खोबरेल तेलाने डॅशबोर्ड दोन दिवस चमकतो, मग धूळ धरतो, आणि त्याची झळाळी समोरच्या काचेत दिसते. त्यापेक्षा ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो तिथेच असतो. जागोजागी चाललेली बांधकामं आणि खोदलेले रस्ते बघता तो काळाठिक्कर असेल. गाडी पुसणाऱ्या दादांना दुसरी बादली आणि धुतलेली फडकी द्या. एकाच गढूळ पाण्यात बुडवलेल्या फडक्यात रेती अडकते आणि तीच रंगावर घासली जाते. बॉनेट उघडलंत की वायपरच्या खाली हात घालून पिंपळाची, गुलमोहराची पानं उपसा. ती तिथे कुजून पाणी जायची भोकं बुजवतात, आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की पाणी पायाखालच्या मॅटवर येतं. हे काम मे संपायच्या आत करा.