वॉर्साहून: कोण बोलतंय आणि काय घडलं

"तुमच्या पोलंडने 2003 ला इराकमध्ये काय दिवे लावले ते आधी सांग, मग पुतिनवर बोल."

आमच्या कोल्हापूरच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राचा हा मेसेज माझ्यासाठी येऊन पडला त्याला बराच काळ झाला, पण तो डोक्यातून जात नाही. मी बुचाबद्दल लिहिलं होतं. कीवच्या शेजारचं गाव, मार्च 2022 अखेर रशियन सैन्य तिथून निघून गेलं आणि याब्लुन्स्का रस्त्यावर माणसं मरून पडलेली सापडली. रशियाचं म्हणणं की हे सगळं आम्ही गेल्यावर रचलं, पण मार्चच्या मध्यातल्या उपग्रहाच्या फोटोंत, म्हणजे गाव रशियाच्याच ताब्यात होतं तेव्हा, ती प्रेतं त्याच जागी दिसतायत. हे मी लिहिलं आणि उत्तर आलं इराकचं.

आता इराकचं तो बोलला ते शंभर टक्के खरं आहे. मार्च 2003 च्या हल्ल्यात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासोबत पोलंडचे कमांडो होते, नंतर इराकच्या मध्य-दक्षिण भागातली बहुराष्ट्रीय डिव्हिजन पोलंडनेच चालवली, आणि ज्या शस्त्रांच्या नावाने हे सगळं केलं ती शस्त्रं निघालीच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे उत्तर पोलंडमध्ये स्तारे केयकुती नावाच्या जागी सीआयएचा गुप्त तुरुंग होता, माणसांना तिथे आणून छळलं गेलं, आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2014 मध्ये पोलंडला त्याबद्दल दोषी ठरवलं. मी अकरा वर्षं इथे राहतोय, ऑफिसातल्या तरुण पोरापोरींपैकी निम्म्यांना हे नाव माहीत नाही. मी मित्राला हे सगळं लिहिलं, तू म्हणतोस ते बरोबर आहे, उलट तुला माहीत नसलेलं पण सांगतो. मला वाटलं आता इराक मान्य झालं, आता बुचावर बोलू. तो बोललाच नाही. इराक मान्य केल्यावर त्याच्याकडे पुढे काही नव्हतं, इराकमध्ये कोण मेलं, किती मेले, पुढे त्या देशाचं काय झालं, एक शब्द नाही. बुचावर टाकायला हुकमाचं पान पाहिजे होतं, ते इराक होतं, एवढंच. मला राग त्याचा आला.

पण हे फक्त आपल्याकडचंच आहे असं नाही, इथे रोज बघतोय म्हणून लिहायला बसलो.

फेब्रुवारी-मार्च 2022 चे ते दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. वॉर्साच्या सेंट्रल स्टेशनवर जमिनीवर माणसं झोपलेली, बायका, म्हाताऱ्या, मांजरांचे पिंजरे, आणि अख्खं शहर थर्मास आणि चादरी घेऊन आलेलं, कुणालाही कुणी सांगितलं नव्हतं. आपले मेडिकलचे विद्यार्थी पण पोलंडमधून निघत होते, ऑपरेशन गंगाची विमानं झेशूफहून उडत होती, इथले आम्ही भारतीय आळीपाळीने गाड्या काढून मेडिकाच्या सीमेवर जायचो. एक लातूरची मुलगी गाडीत बसल्यावर तासभर काही बोललीच नाही, आणि मग सांगायला लागली की पलीकडे युक्रेनच्या बाजूला त्यांना रांगेतून मागे ढकललं, आधी आमची माणसं असं सांगत, थंडीत दोन रात्री उभं ठेवलं, एका मुलाला दांडक्याने मारलं, आणि मग अलीकडे आल्यावर एका पोलिश आजीने तिच्या हातात स्वतःचे हातमोजे घातले. एकाच मुलीने एकाच रात्री दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिली गोष्ट मी ऑफिसात सांगितली तर एकजण म्हणाला ही रशियन प्रोपगंडाची लाइन आहे, जपून बोल. दुसरी गोष्ट मी ग्रुपवर टाकली तर उत्तर आलं की पगार तिकडचा म्हणून गुणगान तिकडचं. ती मुलगी दोन्हीकडे खोटी पडली.

आणि त्याच पोलंडच्या दुसऱ्या सीमेवर, बेलारूसच्या बाजूला, 2021 पासून इराकी, सीरियन, अफगाण माणसं जंगलात मरत होती. बेलारूसच्या लुकाशेन्को सरकारने त्यांना मुद्दाम आणून सोडलं हे खरं, पण म्हणून कडाक्याच्या थंडीत पोराबाळांना परत जंगलात ढकलणं बरोबर ठरत नाही, आणि तिथे पत्रकारांना पण जायला बंदी होती. जून 2022 अखेर तिथे 186 किलोमीटरची साडेपाच मीटर उंच भिंत पूर्ण झाली, आणि त्याच महिन्यांत मेडिकाला येणाऱ्यांना गरम सूप मिळत होतं. एकाच देशाच्या दोन सीमा. इथल्या लोकांशी हे बोललो की चेहरे कडक होतात. दोन्ही ठिकाणी मदतीला धावलेले लोक मी बघितलेत, ते थोडे आहेत, पण आहेत.

मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांत रशियाविरुद्ध ठराव आला, 141 बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ, तटस्थांमध्ये भारत. त्यानंतर कितीतरी महिने मला कॅन्टीनमध्ये जाब द्यावा लागला, तुम्ही गांधींचा देश ना, तटस्थ कसले राहता, तेल कसलं घेता. तेलाचं मी काय सांगणार, युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल 2 टक्के पण नव्हतं ते एक तृतीयांशाच्या वर गेलं, हे आकडेच आहेत, आणि युरोप स्वतः रशियन गॅस घेतच होता हेही आकडेच आहेत. मग 27 ऑक्टोबर 2023 ला गाझात युद्ध थांबवायचा ठराव आला तेव्हा भारत पुन्हा तटस्थ, आणि पोलंडही तटस्थ. मी त्या सगळ्यांना विचारलं, आता? तर म्हणाले तो विषय गुंतागुंतीचा आहे. हा शब्द मी मार्च 2022 मध्ये वापरला होता तेव्हा मला भित्रा म्हणाले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण पोलिशमध्ये समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली पण समजली सगळ्यांना.

तर दुटप्पीपणा आहे, भरपूर आहे, सगळीकडे आहे. माझं भांडण त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. समोरचा दुटप्पी निघाला की आपण असं धरून चालतो की तो सांगतोय ते पण खोटं. इथे सगळी गडबड आहे, आणि हे मला वॉर्सात राहून कळलं ते कातिनच्या हत्याकांडामुळे.

1940 च्या वसंतात स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी जवळपास 22 हजार पोलिश कैदी, लष्करी अधिकारी, पोलीस, डॉक्टर, मास्तर, मागून डोक्यात गोळी घालून मारले. जगाला हे सांगितलं कुणी? 13 एप्रिल 1943 ला बर्लिनच्या रेडिओने. नाझींनी. त्यांचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याने याचा पुरेपूर वापर केला, बघा बोल्शेविक कसे राक्षस आहेत म्हणून, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, 19 एप्रिलला, इथे वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, ज्यू लढायला उभे राहिले आणि त्याच जर्मनांनी तो अख्खा भाग इमारत इमारत करून जाळला. याहून मोठा दुटप्पीपणा माणसाच्या इतिहासात कुठे सापडेल मला माहीत नाही. तरी कातिन खरं होतं. सोव्हिएत म्हणाले हे जर्मनांनीच केलं. पोलंडच्या लंडनमधल्या सरकारने फक्त रेडक्रॉसकडे चौकशी मागितली तर स्टालिनने त्यांच्याशी संबंध तोडले, ब्रिटन-अमेरिकेला स्टालिन हवा होता म्हणून ते गप्प बसले, आणि मॉस्कोने कबुली दिली ती थेट एप्रिल 1990 मध्ये. 47 वर्षं. वॉर्साच्या किल्ल्यात कातिनचं म्युझियम आहे, जमिनीतून काढलेल्या गुंड्या, कंगवे, चष्मे मांडून ठेवलेत, तिथे उभं राहिलं की कळतं की ही गोष्ट पहिल्यांदा कुठल्या तोंडातून आली याने त्या गुंड्यांना काही फरक पडत नाही. सांगणारा नालायक होता, सांगितलेलं खरं होतं, आणि दोन्ही एकदम डोक्यात धरता यायला पाहिजे, अवघड जातं पण धरता यायला पाहिजे.

आणि आपण कोल्हापूरकरांनी तर हे विसरूच नये. एप्रिल 1940 मध्ये ज्या कुटुंबांना उचलून कझाकस्तानच्या माळरानावर टाकलं त्यांत याच पकडलेल्या अधिकाऱ्यांच्या बायकापोरं होती. नंतर सुटलेले लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि 1943 ते 1948 त्यातले जवळपास पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरला वळिवडे कॅम्पात राहिले. शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं. आज वॉर्सात त्या कॅम्पाचं स्मारक आहे, कोल्हापूरचं नाव कोरलेलं, ऑगस्ट 2024 मध्ये मोदी आले तेव्हा तिथे फुलं वाहून गेले. त्या बायकांसमोर 1943 साली कुणी म्हणालं असतं की ही बातमी जर्मनांची आहे, ब्रिटिशांनी बंगालमध्ये काय चालवलंय ते आधी बोला, तर? बंगालचा दुष्काळ त्याच साली होता, माणसं त्याच साली लाखोंनी मरत होती. म्हणून त्या बाईचा नवरा जिवंत झाला नसता.

आपल्या बाजूचं खोटं पकडणं जास्त अवघड, हे पण इथेच शिकलो. युद्धाच्या सुरुवातीला कीवचा भूत म्हणून एका वैमानिकाची गोष्ट फिरली, त्याने किती रशियन विमानं पाडली वगैरे, मी स्वतः ती चार ठिकाणी पाठवली, आणि एप्रिल अखेर युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की असा कुणी एक माणूस नाही, ती दंतकथा आहे. मग 15 नोव्हेंबर 2022 ची रात्र. पोलंडच्या प्शेवोदूव गावात, युक्रेनच्या सीमेपासून काही किलोमीटरवर, दुपारी क्षेपणास्त्र पडून दोन माणसं गेली. काही तासांतच मोठ्या वृत्तसंस्थेने दिलं की रशियन क्षेपणास्त्रं नाटोच्या देशात पडली. आम्ही पासपोर्ट शोधून ठेवले, बायकोने मुलाची बॅग भरली, खोटं नाही सांगत. सकाळपर्यंत कळलं की बहुधा युक्रेनचंच बचावासाठी सोडलेलं क्षेपणास्त्र भरकटलं. झेलेन्स्की तरी म्हणत होते आमचं नाही. मूळ हल्ला रशियाचा, त्या दिवशी रशियाने युक्रेनवर ढीगभर क्षेपणास्त्रं सोडली होती म्हणूनच ते सोडावं लागलं, हे सगळं खरं, पण त्या रात्री जे छापलं ते चूक होतं आणि त्या चुकीवर मोठं युद्ध होऊ शकलं असतं. पोलंडने डोकं शांत ठेवलं याबद्दल मला या देशाचा मनापासून अभिमान वाटला.

आणि मग मे 2025. ऑपरेशन सिंदूर. रात्री दोन वाजता मी फोनवर आपली चॅनेल बघतोय, कराची बंदर उद्ध्वस्त, सैन्य इस्लामाबादेत, अँकर ओरडतायत, सायरन वाजतोय. सकाळी एक पोलिश सहकारी काळजीने विचारतो, कराची पडलं का रे खरंच? काहीच नव्हतं पडलं. आणि दोन्ही देशांतले लोक विमान पाडल्याचे जे व्हिडिओ फिरवत होते त्यात आर्मा 3 या गेमचे होते, तोच गेम, ज्याचे तुकडे युक्रेनच्या युद्धात खरे म्हणून फिरले होते आणि ज्याच्या प्रागच्या कंपनीला 2022 मध्येच सांगावं लागलं होतं की बाबांनो हे खरं नाही. पहलगामला 26 निरपराध माणसं मारली गेली होती, डोंबिवलीची, पुण्याची माणसं होती त्यात, आपली बाजू मांडायला ते पुरेसं होतं. त्यावर कराचीचं खोटं कशाला चढवलं? मी ग्रुपवर हे विचारलं तर तिकडे सुरक्षित बसून अक्कल पाजळू नकोस असं ऐकलं. सुरक्षित आहे हे मान्य. लांब आहे हेही मान्य. पण घरच्यांची काळजी मला लांबून कमी वाटत नाही, जास्त वाटते, आणि त्या रात्री मला खरं काय ते हवं होतं.

एक माणूस मात्र मला या सगळ्या वादांत सारखा आठवतो. सीमेजवळच्या प्शेमिशल गावचा तरुण होता, 2022 ला त्याच्या गावात युक्रेनमधून लोंढे आले तेव्हा वर्ल्ड सेंट्रल किचनबरोबर जेवण वाटायला उभा राहिला, तिथून तो भूकंपानंतर तुर्कीला गेला, मग गाझाला. 1 एप्रिल 2024 ला इस्रायली ड्रोनने त्यांच्या गाड्यांवर हल्ला केला आणि सातजण गेले, त्यात तो. इस्रायल म्हणालं गंभीर चूक झाली. तोवर गाझात 32 हजारांवर माणसं मेल्याचं तिथलं आरोग्य खातं सांगत होतं आणि आमच्या ऑफिसात तो आकडा प्रोपगंडा होता. त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, बाकीचे आकडे पण खरे असतील का रे? आपलं माणूस गेल्यावर विचारलं, उशिरा विचारलं, तरी विचारलं याला मी किंमत देतो.

ही बातमी मी त्या शाळेतल्या मित्राला पाठवली होती, इराकवाल्याला. त्याचं गांधीनगरला कापडाचं होलसेलचं दुकान आहे. गांधीनगर म्हणजेच वळिवडे कॅम्पाची जागा. फाळणीत त्याचे आजोबा सिंधमधून आले आणि पोलिश लोक गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत राहिले, एवढ्या वर्षांत आम्ही दोघं यावर कधी बोललोच नव्हतो. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग फोन केला, आणि ग्रुपवरचा एक शब्द न काढता आजोबांबद्दल अर्धा तास बोलला. परवा पुन्हा बोलणं झालं. म्हणाला, डिसेंबरला येतोयस ना, कुठली बराक होती ती जागा बाबांना पक्की माहितीये, पण त्यांना आता ऐंशीचं वर्ष लागलंय, पुढच्या वर्षावर ढकलू नको, आणि ते कातिनचं काय ते पाठवून ठेव, आधी वाचतो.