'कुत्र्याला सगळं पचतं' म्हणणाऱ्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

आधी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर, मग शिवाजी पार्कच्या मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर आणि मग सासुरवाडीच्या ग्रुपवर असा एक मेसेज सध्या फिरतोय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हणे 'कुत्र्याला चॉकलेट, कांदा, द्राक्षं देऊ नका हे सगळं डॉक्टर आणि डॉगफूड कंपन्यांचं मार्केटिंग आहे. गावाकडची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या उरलंसुरलं खाऊन जगली, देशी कुत्र्याला सगळं पचतं. शिजवल्यावर कांदा-लसणाचा त्रास होत नाही, उलट लसणाने गोचीड जातात. प्रसादातल्या दोन मनुकांनी काय होतंय. साखरेने केस गळतात, तेव्हा शुगर-फ्री द्या. आणि काही झालंच तर मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊन मोकळा होईल.' खाली भरपूर अंगठे आणि 'अगदी खरंय' वाल्या कमेंटी.

आता यातलं थोडं खरं आहे ते आधी मान्य करूया. पोळी, भाकरी, भात कुत्र्याला चालतो. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, म्हणजे माणसाच्या चुलीशेजारी राहून तो खरंच बदललाय. त्यामुळे 'चपातीचा तुकडा दिला? अरे देवा' करणाऱ्यांचंही मला हसू येतं. पण बदल पिष्ट पचवण्याचा झालाय, आणि चॉकलेट, कांदा, मनुका यांचा प्रश्न पचण्याचा नाहीच आहे. पचतात की, छान पचतात, आणि पचल्यावरच रक्तात, किडनीत, लिव्हरमध्ये जाऊन खेळ सुरू होतो. या अख्ख्या फॉरवर्डचा घोळ इथेच आहे, खाल्लं आणि संध्याकाळी शेपूट हलवतोय म्हणजे पचलं, असा सगळा हिशोब.

'गावाकडच्या मोत्याला काय झालं?'

गावाकडच्या ताटात उरायचं काय हो? भाकरी, भात, आमटीचं पाणी, माशाचे काटे. ब्राउनी, डार्क चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगम यातलं काहीही त्या अंगणात नव्हतं. आणि मोत्या गेला तर आपण काय म्हणायचो, 'काहीतरी चावलं असेल', नाहीतर 'कोणीतरी काहीतरी घातलं'. त्याचं रक्त कोणी तपासलं होतं? जगलेला मोत्या सगळ्यांना आठवतो, बाकीच्या चार कुत्र्यांचं काय झालं ते कोणाला माहितीच नाही. आजोबांनी मनुकांबद्दल कधी ऐकलं नव्हतं हेही खरंच, कारण द्राक्षं-मनुका आणि किडनी यांचा संबंध डॉक्टरांच्या तरी नीट लक्षात आला तो २००० सालच्या आसपास.

'देशीला सगळं पचतं'

देशी कुत्रा काटक असतो, शंकाच नाही. काही जपानी जातींना कांद्याचा त्रास जास्त होतो असंही दिसलंय, म्हणजे जातीने थोडा फरक पडतो. पण चॉकलेटमधलं त्रास देणारं थिओब्रोमिन हळूहळू बाहेर टाकणारं लिव्हर देशीचंही तेच आणि लॅब्रॅडॉरचंही तेच. आमच्या गेटवरचा काळ्या कचराकुंडीतलं खाऊन ठणठणीत दिसतो म्हणून त्याची किडनी स्टीलची होत नाही.

'शिजवलं की कांदा-लसूण चालतो'

हा सगळ्यात डेंजर मुद्दा, कारण मुंबईत कुत्र्याच्या तोंडात कच्चा कांदा कोणी घालतच नाही, जातं ते सगळं शिजवलेलंच. पावभाजीची उरलेली भाजी, बिर्याणीचा तळ, चायनीजची ग्रेव्ही, आणि आपल्या घरचा कांदा-लसूण मसाला घातलेला रस्सा. कांद्यातली गंधकाची जी संयुगं त्रास देतात ती शिजवून, तळून, वाळवून जात नाहीत, आणि पावडरीत तर पाणी उडाल्यामुळे माल जास्त घट्ट असतो, म्हणजे इन्स्टंट सूप आणि नूडल्सचा मसालाही त्यातच आला. ही संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात, पेशी फुटायला लागतात आणि कुत्र्याला ॲनिमिया होतो. साधारण एका किलो वजनाला १५ ते ३० ग्रॅम कांदा एवढ्यात रक्तावर परिणाम दिसतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, मोठा एखादा-दीड कांदा. एका घासात नाही जाणार, पण रोज थोडं थोडं दिलं तरी नुकसान साचत जातं.

आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, लक्षणं त्याच दिवशी दिसतातच असं नाही. बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, जिने चढताना धापा टाकतो, हिरड्या गुलाबीच्या पांढुरक्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी लालसर-तपकिरी होते. तोपर्यंत रविवारची पावभाजी कोणाच्या लक्षात असते? मग 'उन्हाने झालं असेल' म्हणून ताक पाजायचं.

लसणाने गोचीड जातात याला काही धड पुरावा नाही. लसूण मात्र वजनाला वजन कांद्याच्या तीन ते पाच पट तीव्र धरतात. गोचिडांसाठी गोळ्या मिळतात, मानेवर टाकायचे थेंब मिळतात, डॉक्टरला वजन सांगा आणि घ्या, संपला विषय.

'प्रसादातल्या दोन मनुका'

आमच्या मजल्यावरच्या एक काकू सत्यनारायणाच्या शिऱ्यातले काजू वेचून स्वतः खातात आणि बेदाणे तेवढे बोटाने पुसून शेऱ्या नावाच्या कुत्र्याला चाटवतात, 'देवाचं आहे रे, खा'. भाव चांगला आहे, वस्तू वाईट आहे. द्राक्षं आणि मनुकांचं वैशिष्ट्य असं की किती खाल्ल्यावर त्रास होईल ते सांगताच येत नाही, एखादा कुत्रा मूठभर खाऊन फिरत असतो आणि दुसऱ्याची किडनी थोड्याशाच मनुकांनी बसते. म्हणून कोणताही शहाणा डॉक्टर 'दोन चालतील' असं म्हणत नाही. आधी उलट्या होतात, किडनीचे आकडे वाढलेले दिसतात ते एक ते तीन दिवसांत, आणि मग लघवी कमी कमी होत जाते.

दोष नेमका कशाचा हे बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणी-कल्याण संस्थेच्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं, आणि आता बहुतेक जण तेच कारण धरतात. आता टार्टारिक ॲसिड म्हटल्यावर आपल्या स्वयंपाकघरात काय आठवतं? चिंच! चिंच खाऊन कुत्र्यांच्या किडनीला त्रास झाल्याच्या केसेस पुढे नोंदल्याही गेल्यात. म्हणजे भेळेची गोड चटणी, चिंचेचा कोळ, आणि तो लालचुटुक चिंचेचा गोळा कुत्र्यापासून लांबच. आमटीला बोटभर कोळ घातला आणि त्यात बुडवलेला पोळीचा तुकडा गेला म्हणून लगेच रडायला नको, पण वाटीभर देऊ तर नकाच. दिवाळीच्या चिवड्यातले बेदाणे, खिरापतीतल्या मनुका, केकमधल्या मनुका, सगळं याच यादीत.

चॉकलेट

इथे फॉरवर्ड अर्धवट बरोबर आहे, मिल्क चॉकलेटच्या एका चौकोनाने लॅब्रॅडॉर मरत नाही. प्रकार आणि वजन बघायचं असतं. १० किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला मिल्क चॉकलेट शंभरेक ग्रॅम लागेल, डार्क साधारण ४० ग्रॅमही पुरेल, आणि कोको पावडरीचे दोन-तीन चमचेच. उलट्या, अस्वस्थपणा, छाती धडधडणं, पुढे झटके. घरात बेकिंगचा उद्योग करणाऱ्यांनी कोकोचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

'शुगर-फ्री द्या'

अहो, साखरेने केस गळत नाहीत! केस गळतात ते गोचीड, पिसवा, बुरशी, ॲलर्जी, थायरॉईड असल्या कारणांनी. साखर नको हे बरोबर, पण शुगर-फ्रीमध्ये साखरेऐवजी गोडव्याला घालतात ते झायलिटॉल असेल तर तो साखरेपेक्षा कैक पटीने वाईट सौदा. माणसाला काही होत नाही, कुत्र्याच्या शरीरात मात्र भसाभस इन्सुलिन सुटतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धाडकन खाली येऊ शकते, जास्त गेलं तर लिव्हर निकामी. किलोमागे ०.१ ग्रॅमला धोका सुरू होतो, आणि काही च्युइंगमच्या एकेका तुकड्यात एक ग्रॅमच्या आसपास असतं, १० किलोच्या कुत्र्याला एवढं बास. सगळ्याच शुगर-फ्रीमध्ये ते नसतं, म्हणून लेबल वाचा: झायलिटॉल किंवा त्याचाच ९६७ हा नंबर. पीनट बटर, टूथपेस्ट, माउथवॉशही बघा.

'उरलंसुरलं'

फॉरवर्डमध्ये हाडं-कोयींचा विषय नाही, पण उरलंसुरलं म्हटलं की सांगायलाच हवं. शिजवलेलं हाड मोडून त्याच्या टोकदार काड्या होतात. आणि दोन खास आपल्या सीझनच्या गोष्टी, मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचं कणीस. मरीन ड्राइव्हला भुट्टा खाऊन कणीस कठड्याशी टाकलेलं असतं, मीठ-लिंबू-तिखट लागलेलं, कुत्रा तुकडा तोडून गिळतो, तो आतड्यात अडकतो आणि मग पोट उघडावं लागतं. विष नाही, पण जीव जाऊ शकतो.

'डॉक्टरांचं मार्केटिंग'

डॉक्टरला धंदाच करायचा असता तर त्याने म्हटलं असतं 'द्या मनुका, खुशाल द्या', कारण तीन दिवस सलाईन आणि रोज रक्ततपासणी यात पैसे आहेत, 'देऊ नका' म्हणण्यात काय आहेत?

'मिठाचं पाणी पाजा'

हे मात्र कृपा करून कोणीही करू नका. मिठाने रक्तातलं सोडियम चढतं, झटके येऊन कुत्रा त्या मिठानेच दगावू शकतो. दूध पाजून विष मरत नाही. घशात बोटं घालू नका, सुस्त किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याला उलटी करवली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. उलटी करवायची तर डॉक्टर इंजेक्शनने करवतात, आणि ती साधारण खाल्ल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत कामाची, म्हणून 'सकाळपर्यंत बघूया' हे सगळ्यात महाग पडतं. आधी फोन करा आणि विचारा की आत्ता डॉक्टर हजर आहेत का, मग परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल असो, महालक्ष्मीचं टाटांचं असो नाहीतर गल्लीतला क्लिनिकवाला. फोनवर तीन गोष्टी सांगा, काय आणि किती खाल्लं, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन. रॅपर किंवा डबा पिशवीत टाकून सोबत न्या, आणि कुत्रा नाचत-बागडत असला तरी निघा.