झेरॉक्सची झेरॉक्स

सासऱ्यांनी परवा माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला. म्हणजे ते तसं सगळ्यांना सांगताहेत.

झालं होतं एवढंच. नकाशे काढायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये मला पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवायची होती आणि तिला लागणारं मॉड्यूल, म्हणजे तयार कोड, दुसऱ्या फोल्डरमध्ये होतं. मदतीच्या पानावर एकच ओळ: 'पायथॉनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा.' म्हणजे मॉड्यूल कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं, याची कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये नोंद करा. कुठे, कसं, पुढे काय, काही नाही. पत्रिकेवर 'अगत्य येणेचे करावे' छापायचं आणि कार्यालयाचा पत्ता गाळायचा, तसं.

सेटिंगमध्ये जाऊन व्हेरिएबल घातलं. सॉफ्टवेअर बंद केलं, कमांडच्या काळ्या खिडकीतून पुन्हा सुरू केलं. मॉड्यूल सापडत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. रात्री साडेदहाला वैतागून पायथॉनहोम नावाचं आणखी एक व्हेरिएबल घातलं. का? नाव घरगुती वाटलं म्हणून.

सासरे निवृत्त तलाठी. मागे उभे राहून दूध पीत होते.

"काय अडलंय, जावईबापू?"

"नोंद केलीय, पण दिसत नाहीये."

चुकलंच माझं. तलाठ्यापुढे 'नोंद' हा शब्द काढायचा नसतो. त्यांनी खुर्चीच ओढली.

"फेरफार मंजूर झाला का?"

"मामा, ही जमीन नाहीये."

"नोटीस काढल्यावर १५ दिवस थांबावं लागतं. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करणार, मग सातबाऱ्यावर चढणार. तुम्ही १५ मिनिटं तरी थांबलात का?"

"इथं लगेच होतं."

"मग दिसत का नाही?"

मी गप्प.

"ही काळी खिडकी कधी उघडलीत?"

"दुपारी."

"आणि नोंद?"

"संध्याकाळी."

"मग हिच्या हातात दुपारचा उतारा आहे. त्यात संध्याकाळची नोंद कुठून येणार? तुम्ही झेरॉक्सची झेरॉक्स काढत बसलाय!"

दुर्दैवानं हे खरं आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला, ज्यानं त्याला सुरू केलं त्याच्याकडच्या व्हेरिएबल्सची नक्कल मिळते. मागाहून मूळ नोंद बदलली तरी ती नक्कल जुनीच राहते. १९७९ च्या युनिक्सपासूनची ही रीत. मला पगार हे माहीत असण्याचाच मिळतो. पण इतक्या वर्षांत 'बाबा रे, तुझी खिडकी जुनी आहे' एवढं सांगायची तसदी कुणी घेऊ नये? पॉपअप तर नको तिथे शंभर येतात.

नवी खिडकी उघडली. आता सॉफ्टवेअर उघडेचना. 'एन्कोडिंग्ज' नावाचं मॉड्यूल सापडत नाही म्हणालं आणि जागीच आडवं झालं. पायथॉनहोम लागू झालं होतं ना! पोटात स्वतःचं पायथॉन असताना ते भलत्याच पत्त्यावर घर शोधत होतं.

मामा खूश. "बघा, नोंद लागली!"

पायथॉनहोम उडवलं, तिसरी खिडकी उघडली, स्क्रिप्ट सहा सेकंदांत चालली. काल ऑफिसातली ज्युनिअर म्हणाली, "सर, स्क्रिप्टमध्येच फोल्डरचा पत्ता देणारी सिस डॉट पाथची एक ओळ घातली असती तरी चाललं असतं." हे मी घरी बोललेलो नाही.

आज सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले. प्रिंटर चालत नाहीये म्हणाले. मी लगेच बाह्या सरसावल्या.

"नाही, तुम्ही राहू द्या," ते म्हणाले. "सासरे आहेत का घरी?"