मेंदूला हादरा बसलेल्याला २१ दिवस अंधारात कोंडून ठेवू नका

गेल्या महिन्याभरापासून आमच्या भागातील व्हॉट्सअॅप गटांवर ‘डोक्याला मार लागल्यास हे जरूर करा’ या मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. मार लागलेल्या माणसाला पहिल्या रात्री झोपू देऊ नका. त्यानंतर २१ दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहू द्या. चालणे, वाचणे, मोबाईल पूर्ण बंद ठेवा. नाकात रोज गाईचे तूप सोडा. आणि स्कॅन नॉर्मल आला असेल तर २२व्या दिवसापासून व्यायामासह सर्व कामे पूर्वीसारखी सुरू करा, असे त्यात सांगितले आहे. खाली कोणाचेही नाव नाही. असे संदेश रोजच येतात आणि मी ते वाचून सोडून देतो. परंतु हा संदेश यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी पोहोचला आणि तिने तो अक्षरशः पाळला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

भाचा १९ वर्षांचा आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतो. गावातल्या कबड्डीच्या सामन्यात पकड करताना चढाईपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो बेशुद्ध पडला नाही, मात्र गुण किती झाले हे त्याने लागोपाठ तीनदा विचारले आणि घरी येईपर्यंत त्याला दोन उलट्या झाल्या. रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, त्यात रक्तस्राव दिसला नाही. दोन दिवस आराम करा, मग हळूहळू हिंडू-फिरू लागा, असे डॉक्टरांनी तोंडी सांगितले. कागदावर फक्त ‘आराम’ एवढाच शब्द उरला आणि उरलेली जागा या संदेशाने भरून काढली.

मी नवव्या दिवशी पोहोचलो तेव्हा खोलीच्या खिडकीला आतून गोधडी आणि बाहेरून बारदाना खिळ्यांनी ठोकलेला होता. दाराची फट बुजवायला जुने लुगडे लावले होते. पोरगा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. बहीण म्हणाली, “भाऊ, त्याले उठून बसलं का भोवळ येते, मनून निजूनच ठेवलं.” मी त्याला आधार देऊन उभे केले तर तो खरोखरच हलला आणि खाट धरून पुन्हा बसला. दिवसभर झोपून राहिल्यामुळे त्याला रात्री झोप लागत नव्हती, भूक मेली होती आणि आपल्या डोक्यात कायमचा बिघाड झाला आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

या संदेशातील सर्वांत घातक गोष्ट हीच आहे. धडधाकट माणसालाही नऊ दिवस अंधारात निजवून ठेवले तर उठताना भोवळ येईल, झोप बिघडेल, डोके जड होईल आणि मन खचेल. आणि कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, लक्षणेही नेमकी हीच आहेत. कोंडून ठेवल्याने आलेली भोवळ घरच्यांना माराची वाटते, म्हणून ते आणखी कोंडून ठेवतात. आजार कुठे संपला आणि उपचाराने आणलेले दुखणे कुठे सुरू झाले, हे मग कोणालाच कळत नाही.

एके काळी डॉक्टरही कडक विश्रांती सांगत असत, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो सल्ला मागे पडला आहे. खेळातील कन्कशनविषयीची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद ऑक्टोबर २०२२ मध्ये अॅमस्टरडॅम येथे झाली आणि तिचे एकमताचे निवेदन २०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे पूर्ण जाईपर्यंत कडक विश्रांती देण्याचा फायदा होत नाही. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली नेहमीची हलकी हालचाल चालू ठेवून घेतलेला आराम पुरेसा असतो आणि त्यानंतर चालण्यासारखा हलका व्यायाम सुरू करणे बरे होण्यास मदत करते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ११ ते २२ वर्षे वयाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, पाच दिवस कडक विश्रांती सांगितलेल्यांनी एक-दोन दिवसांच्या विश्रांतीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक लक्षणे नोंदवली होती. माझा भाचा याच वयाचा आहे.

मोबाईलबाबत संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाकारत नाही. पहिले दोन दिवस पडद्यापुढचा वेळ कमी ठेवल्यास उपयोग होतो. मात्र त्यापुढे पुस्तक आणि उजेड यांना बंदी घालण्याचे कारण नाही. पंधरा-वीस मिनिटे वाचावे, डोके जड वाटले तर थांबावे, थोड्या वेळाने पुन्हा वाचावे.

झोपेविषयीचा मुद्दा भीतीतून आला आहे. मेंदूत रक्तस्राव होत असेल तर माणूस गुंगीत जातो. परंतु झोपल्यामुळे रक्तस्राव होत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या रुग्णाला झोपू द्यावे, त्याला झोपेची गरज असते. कोणीतरी जवळ असावे आणि डोकेदुखी वाढतच जाणे, वारंवार उलट्या, झटके, हातापायातील जोर जाणे, बोलणे अडखळणे, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव किंवा हलवूनही जाग न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी गाडी काढावी. तुपाविषयी एवढेच सांगतो की त्याने मेंदूचा हादरा भरून निघत नाही.

आता २२व्या दिवसाकडे वळतो, कारण संदेशाचे हे टोक पहिल्याइतकेच वाईट आहे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाचा तडा दिसतो. कन्कशनमध्ये मेंदूच्या पेशींचे काम बिघडलेले असते आणि ते त्या चित्रात दिसत नाही, म्हणून नॉर्मल स्कॅन म्हणजे मैदानात उतरण्याचा परवाना नव्हे. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर दुखणे लांबते आणि तरुण मुलांमध्ये क्वचित मेंदूला एकाएकी सूज येऊन जीवही जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ याच्या मानेवर चेंडू लागला तेव्हा तपासणी करून त्याला पुन्हा फलंदाजीला सोडण्यात आले. लक्षणे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. त्याच्या जागी बदली खेळाडू आला आणि पुढची कसोटी त्याला खेळू दिली नाही. मार १७ ऑगस्टला लागला होता. ४ सप्टेंबरला सुरू झालेल्या कसोटीत त्याने २११ धावा केल्या. हे १८ दिवस सर्वांचे माप नव्हे, त्याच्यामागे डॉक्टरांचा ताफा होता. परंतु २१ हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही, एवढे त्यावरून कळावे.

खेळाकडे परतण्याच्या पायऱ्या अॅमस्टरडॅमच्या निवेदनात दिल्या आहेत. आधी रोजची हालचाल, मग वेगाने चालणे, मग हलके धावणे, मग अंगाला अंग न लागणारा सराव आणि सर्वांत शेवटी पकड-झटापट. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. लक्षणांना शून्य ते दहा असे गुण दिले, तर व्यायामाने ती जास्तीत जास्त दोन गुणांनी वाढली आणि तासाभरात उतरली तर चालते, त्याहून जास्त झाल्यास त्या दिवशी थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहायचे. डोक्याला धक्का लागण्याची शक्यता असलेला कोणताही सराव मात्र लक्षणे पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. १९ वर्षांच्या मुलाने हलक्या पायरीवर नाडी मिनिटाला ११०च्या आसपास आणि त्यापुढच्या पायरीवर १४०पर्यंत ठेवायची. त्यासाठी यंत्र लागत नाही. भाचा मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद मोजतो. २७-२८ ठोके आले की पहिली मर्यादा, ३५ आले की दुसरी.

शेतकऱ्याच्या घरी व्यायामाइतकाच कामाचा प्रश्न असतो. कापूस वेचायला सावलीच्या वेळी तासभर जाणे चालेल. दुचाकी चालवणे, बैलगाडीवर पोती चढवणे, झाडावर चढणे किंवा विहिरीत उतरणे आत्ता नाही. फवारणी तर मुळीच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते आपण पाहिले आहे आणि त्या विषानेही डोके दुखते, मळमळते, गरगरते, त्यामुळे दुखणे माराचे की औषधाचे हे ओळखता येणार नाही.

बारदाना मी त्याच दिवशी उपटून काढला. पहिल्या संध्याकाळी तो माझा हात धरून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत गेला आणि परत आला. आज १९वा दिवस आहे. तो एकटा शाळेपर्यंत वेगाने चालून येतो, रात्री झोपतो, सकाळी अर्धा तास वाचतो. डोके अजून दुपारी थोडे जड होते. भरतीच्या १६०० मीटरचा सराव पूर्ण वेगाने केव्हा करायचा हे पुढच्या तपासणीनंतर ठरेल आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिल्याशिवाय त्याला पकडीला उभे करायचे नाही, असे मी संघाच्या कप्तानाला घरी जाऊन सांगितले आहे.