घोड्याचं सांगत नाही, सर

सोमवारी सकाळी आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता चौथ्यांदा खोदला आणि नेट गेलं. मोडेमवर लाल दिवा लुकलुकायला लागला, मी ऑफिसला मेसेज टाकला की नेट नाहीये, मोबाईलवरून जमेल तेवढं बघतो, आणि जमेल तेवढं म्हणजे नेमकं किती हे कुणी विचारलं नाही. मंगळवारी दुपारी दोनला बायको ऑफिसात, पोरगी शाळेत, मी पडदे ओढले, चिवड्याचा डबा मांडीवर घेतला आणि रेड डेड रिडेम्प्शन 2 लावला.

हा गेम 2018 साली आला. मी तीन वर्षांपूर्वी एका कलीगकडून जुना घेतला, दोन डिस्क येतात त्याच्या, आणि तीन वर्षांत मी दुसऱ्या चॅप्टरपर्यंत पोचलोय. सरळ खेळलं तरी पन्नासेक तास लागतात म्हणे आणि माझ्याकडे आठवड्याला पाऊण तास असतो, त्यातही कुणीतरी "गॅस बंद कर" म्हणतंच. तर 1899 ची अमेरिका, आर्थर मॉर्गन नावाचा एक दणकट दरोडेखोर, त्याची टोळी, मागे पोलीस, आणि आर्थरचा घोडा. घोड्याला खरारा करायचा, गाजर द्यायचं, थोपटायचं, मग हळूहळू तो आपल्याला ओळखायला लागतो. घरात एवढं कुणी ओळखत नाही.

आणि बेल वाजली. दोन दिवस ज्याला पंधरा फोन केले तो फायबरवाला नेमका आत्ता आला.

पोरगा पंचवीसेक वर्षांचा असेल, पाठीला सॅक, हातात ते सूटकेससारखं वायर जोडायचं मशीन. बोलण्यावरून लातूर साइडचा. मोडेमपाशी उकिडवा बसला, वायरला मीटर लावला, "मायनस एकतीस येतंय सर, वीसच्या आसपास पाहिजे" असं काहीतरी म्हणाला आणि पक्कड घ्यायला वळला तर समोर टीव्ही. पक्कड हातात तशीच राहिली.

"आर्थर ना सर?"

"हो."

"चॅप्टर दोन. कॅम्प अजून त्या कड्यावरच आहे म्हणजे."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ह्या वयात ह्या विषयावर बोलायला माणूस मिळत नाही. म्हटलं, "खेळतोस का तू पण?"

"नाही ओ, पाहिलोय. सगळा पाहिलोय, दोनदा. हिंदी कॉमेंट्रीवाला आहे एक, तो खेळतो त्याचे व्हिडिओ, बहात्तर पार्ट आहेत. नऱ्ह्याला रूमवर रात्री झोपताना पाहिलो, मोबाईलवर. दीडच्या स्पीडनं."

दीडच्या स्पीडने! ज्या गेममध्ये माणसं आठ आठ वर्षं झाडांची पानं हलवत बसली असतील, जिथे सूर्य मावळताना मी हातातलं काम सोडून थांबतो, तो सूर्यास्त ह्याने दीडच्या स्पीडने गुंडाळला. मी काही बोललो नाही, कारण नेट जोडायचं बाकी होतं.

मी खेळत राहिलो, तो वायर सोलत राहिला, पण त्याचं सगळं लक्ष माझ्याकडे. एका घरात शिरून मी कपाटं उघडायला लागलो. ह्या गेमात एकेक खण वेगळा उघडतो, आर्थर वाकतो, वस्तू उचलतो, निरखतो, खिशात घालतो, सगळं सावकाश.

"त्यात काही नाही सर, बिस्किटं आहेत."

उघडलं. बिस्किटं.

"काय करायलाव सर तुम्ही, अशानं पुढच्या दिवाळीला संपंल. वसुलीला गेलाव का?"

"कसली वसुली?"

"ते चष्मेवालं नाही का कॅम्पमधलं, स्ट्राउस, व्याजानं पैसे देतंय ते. त्याची वसुली आर्थरला करावी लागती. बाकीच्यांकडं जावा, पण त्या शेतकऱ्याकडं जाऊ नका."

"का?"

"खोकतंय ते. तोंडावर खोकतंय. त्याच्यामुळंच तर आर्थरला टीबी होतो ना."

मी पॉज केलं. का केलं माहीत नाही, टीबी काय पॉजने थांबतो?

"टीबी?"

"त्यातच जातो ना सर शेवटी." मग माझ्या तोंडाकडे बघून, "तुम्हाला माहीत नव्हतं काय? 2018 चा गेम आहे ओ."

म्हणजे चूक माझी. मी 2018 साली काय करत होतो, तर पोरीचे डायपर बदलत होतो, पण हे त्याला कशाला सांगा. त्याला बिचाऱ्याला जरा ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण त्याने लगेच विषय बदलला, म्हणजे त्याच्या मते बदलला. "आमच्या मामाला झालता टीबी. सहा महिने गोळ्या, सरकारी, फुकट. आता मुकादम आहे ऊसतोडीचा, आडवा-तिडवा आहे हा असा. ह्यानं गोळ्या का घेतल्या नाहीत सर?"

माझं असं आहे की अपमान झाला की मी माहिती देतो. म्हटलं, अरे टीबीचा जंतू कॉखने 1882 लाच दाखवला होता, पण औषध नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 ला, तोपर्यंत डॉक्टर काय सांगायचे तर कोरड्या हवेच्या गावी जा आणि पडून राहा.

त्याने वायरची दोन टोकं मशीनमध्ये ठेवली, झाकण लावलं, मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी हुकलं की सर."

आता ह्यावर काय बोलणार. इतका सुंदर शोकसंदेश मी बहात्तर पार्ट बघूनसुद्धा लिहू शकलो नसतो.

खरं सांगायचं तर बघणाऱ्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाहीच. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, एक रुपयाला एक कॉइन, आणि मी तिथे दोन उन्हाळे नुसता उभा राहून काढले. 'मुस्तफा' चालायचा. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स आहे आणि तो 1993 चा आहे हे मला लग्नानंतर कळलं, आम्ही सगळे त्या पिवळ्या टोपीवाल्याच्या नावानेच ओळखायचो. खेळणारा एक, मागे बघणारे सात, आणि सातही जण खेळणाऱ्यापेक्षा हुशार. "दादा, खाली ड्रम फोड, ड्रममध्ये चिकन आहे!" एवढं ओरडून दादाने शेवटची लाईफ दिली तर दिली, नाहीतर घरी. अमेरिकेत पण हेच, 1983 ला ड्रॅगन्स लेअर म्हणून गेम आला, लेसर डिस्कवरचा कार्टून पिक्चरच तो, योग्य वेळी दांडा हलवला तर पिक्चर पुढे सरकायचा, नाही हलवला तर हिरो मरायचा. बाकीच्या मशीनला पाव डॉलर, ह्याला अर्धा. तर काही पार्लरवाल्यांनी मशीनच्या डोक्यावर दुसरा टीव्ही बसवला, मागच्या गर्दीला दिसावं म्हणून. म्हणजे पैसे घालून मरणारा एक आणि फुकट बघणारे बारा ही जुनीच व्यवस्था आहे, फक्त तेव्हा बारा जणांना शेवट माहीत नसायचा!

बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, "तू तरी कुठे खेळतोस, तू पण बघतोसच की, मधे मधे बटण दाबतोस." चिडण्यासारखं वाक्य आहे, पण अडचण अशी की ह्या गेममध्ये घोड्यावर बसून नकाशावर ठिकाण लावलं आणि टचपॅड दाबून धरलं की कॅमेरा सिनेमासारखा लांब जातो आणि घोडा आपला आपण रस्त्याने चालायला लागतो. मी चिवडा खातो. हे तिने पाहिलंय.

आणि आईचा अनुभव तर त्याहून वाईट. दोन दिवाळ्यांपूर्वी ती आली होती तेव्हा मी हौसेने अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी लावला, म्हटलं हा आपल्याकडचा आहे, पश्चिम घाटात घडतो, होयसळांची देवळं आहेत, गणपतीच्या दाताचा खजिना शोधायचा आहे, आईला आवडेल. ती क्लोई नावाची बाई जीपने घाटात फिरते, झरे, चिखल, हिरवंगार, आणि अख्ख्या घाटात एक वडापावची गाडी नाही, इथेच आईचा विश्वास उडाला. मग क्लोई बूट घालून मूर्तीच्या खांद्यावर चढली. "अरे चपला काढायला सांग तिला!" मी म्हटलं तसं बटण नसतं. "मग खाली उतरव." पुढे दात परशुरामाच्या परशूने तुटला अशी गोष्ट आली, तर आईचं म्हणणं महाभारत लिहिताना त्याने स्वतःच मोडला, आणि दोन्ही गोष्टी आहेत हे मान्य करायला ती तयार नव्हती. सात-आठ तासांचा गेम, आम्ही दीड तासात थांबलो. मी लोळत बघत बसलेली मॅच तीन तास चालते तेव्हा हे सगळे लोक गप्प असतात. मॅच बघणं म्हणजे आराम, मालिका बघणं म्हणजे विरंगुळा, आणि हातात कंट्रोलर दिसला की "ह्या वयात?" बरं, कामातून वेळ काढावा तर तो नेट गेल्याशिवाय मिळत नाही, आणि नेट जोडायला जो येतो तो शेवट सांगून जातो. दोन दिवस बंद राहिलं त्याचे पैसे कंपनी परत देणार नाही ते वेगळंच.

असो. लाल दिवा जाऊन हिरवा लागला, "मायनस एकोणीस, एकदम ओके" झालं, तरी पोरगा उठेना. मीच म्हटलं, घे, खेळून बघ. आता प्रामाणिकपणे सांगतो, ह्यात मोठेपणा नव्हता. मला बघायचं होतं.

त्याने आधी हात पॅंटला पुसले. कंट्रोलर असा धरला जसा लग्नात कुणीतरी दुसऱ्याचं तान्हं पोर हातात देतं. आर्थर व्हॅलेंटाईन गावाच्या मधोमध चिखलात उभा होता, शेजारी घोडा.

"घोड्यावर कसं बसायचं सर?"

"त्रिकोण."

आता ह्या गेमात घोड्याजवळ त्रिकोण दाबला की आर्थर घोड्यावर बसतो, आणि माणसाजवळ दाबला की तो त्या माणसाला धरतो. पोरगा जरा वळला, एक सद्गृहस्थ तिथून चालले होते, ह्याने त्रिकोण दाबला, आर्थरने त्यांची मानगूट पकडली. "अरे अरे अरे सोडा की ओ त्यांना!" हे तो मला म्हणत होता. घाबरून त्याने हाताला येतील ती सगळी बटणं दाबली, सद्गृहस्थ चिखलात आडवे, एक बाई किंचाळली, शिट्ट्या वाजल्या, घोडा पळाला, आर्थर एका भिंतीला तोंड लावून तिथेच पळत राहिला, आणि चाळीस सेकंदांत स्क्रीन लाल होऊन मेला. बहात्तर पार्ट दोनदा पाहिलेला माणूस टीबीच्या कितीतरी आधी गेला.

मला झालेला आनंद फार हलक्या दर्जाचा होता.

"कंट्रोलर ढिला आहे सर तुमचा," तो म्हणाला, सॅक उचलली, ओटीपी घेतला, बूट घातले, आणि दारात थांबून जरा विचार करून बोलला, "बाकीचं सगळं सांगून टाकलो मी, चुकलंच. पण घोड्याचं सांगत नाही, सर. ते राहू दे."

लिफ्ट खाली गेली.

म्हणजे घोड्याचं काय? काय घोड्याचं?

त्या रात्रीपासून मी घोडा कॅम्पला बांधलाय. आर्थर सगळीकडे चालत जातो. शिकारीला चालत, व्हॅलेंटाईनला चालत, हरीण खांद्यावर टाकून परत चालत. पोरीने विचारलं, बाबा, ह्याच्याकडे घोडा आहे ना? म्हटलं, जपतोय. शेतकऱ्याकडे पण गेलो नाही, चार दिवस नुसते मासे पकडले, सगळ्या टोळीची दाढी वाढली असेल पण मी काही स्ट्राउसच्या समोर गेलो नाही. पण गोष्ट पुढे सरकत नाही हो. नकाशावर तेवढंच एक चिन्ह उरतं आणि ते कुठे जात नाही. शेवटी शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर गेलो. तो शेतकरी कुंपणाशी काम करत होता, हडकुळा, मुठी वळून उभं राहायची पण ताकद नाही, मागून त्याची बायको ओरडत आली. आणि त्याला मारायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. माहीत असून दाबलं. तो खोकला, आर्थरच्या तोंडावर रक्त उडालं, मी टीव्ही बंद करून पाणी प्यायलो आणि मनात म्हटलं, दीडच्या स्पीडने बघणाऱ्याला हे काय कळणार.

रविवारी सकाळी त्याचा फोन. "सर, कस्टमर केअरचा कॉल येईल, रेटिंग विचारतील, पाच सांगा."

"सांगतो."

"शेतकऱ्याकडं गेलाव काय?"

"गेलो काल. जावंच लागतं."

"हां." थोडा वेळ मागे फक्त गाड्यांचे आवाज. "मी दुसऱ्यांदा पाहिलो तेव्हा तो पार्ट सोडून दिलतो."

मी काही बोललो नाही.

"घोडा?"

"कॅम्पला बांधलाय."

"हां. तिथंच ठेवा, सर."